हट्टी, वांड, लहरी: इंग्लिशमध्ये कोणाले काय म्हणायचं

आपल्याकडं "ऐकत नाही" या एका गोष्टीसाठी किती शब्द आहेत बघा, हट्टी, हेकेखोर, आडमुठा, वांड, उनाड, मुजोर, खोडकर, लहरी, सणकी, बिनभरवशाचा. आणि कोणता कुठं वापरायचा हे कोणी शिकवलेलं नसतं तरी बरोबर जमतं, सासऱ्याला कोणी वांड म्हणत नाही अन् वासराला कोणी हेकेखोर म्हणत नाही. पण इंग्लिश लिहायची वेळ आली की पोट्टे दोनच शब्दांवर येऊन थांबतात, एक स्टबर्न अन् दुसरा नॉटी. बैल असो, पुतण्या असो, पाऊस असो नाहीतर विहिरीवरची मोटर असो, सगळे स्टबर्न.

मी गावातल्या पोरांचं इंग्लिश घेतो. दहावी-बारावीवाले येतात, अ‍ॅग्रीवाले येतात, आयटीआयवाले येतात, स्पर्धा परीक्षेवाले तर लयच. सगळ्यांची अडचण एकच, की यादी पाठ असते, ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी, हेडस्ट्राँग म्हणजे हट्टी, म्यूलिश म्हणजे हट्टी, अ‍ॅडमंट म्हणजे पण हट्टीच, अन् मग पेपरात रिकाम्या जागी यातला कोणता टाकायचा ते समजत नाही कारण यादीत सगळ्यांपुढं एकच अर्थ लिहून ठेवलेला असतो. म्हणून यादी जरा बाजूला ठेवा आणि दुसरी पद्धत धरा. माझं पक्कं मत आहे की ज्या पोरानं कासरा हातात धरला आहे त्याला हे शब्द शहरातल्या पोरापेक्षा लवकर समजतात, कारण यातले बरेच शब्द शेतातून, गोठ्यातून अन् घोड्याच्या पाठीवरूनच इंग्लिशमध्ये आलेले आहेत.

पहिले बघा, तो नेमकं करून काय राहिला

शब्द शोधायच्या आधी स्वतःला हा प्रश्न विचारायचा. नवा गोऱ्हा औताला जुंपला अन् तो ऐकत नाही, म्हणजे काय काय होऊ शकतं? एक तर तो जागचा हलतच नाही. किंवा हलतो पण त्याच्या मनानं जातो, तास, म्हणजे औताची ओळ, सोडून सरळ पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत शिरतो. किंवा कशाला तरी बुजतो, लाथा झाडतो, उधळतो. किंवा मग काल चांगला चालला, आज चालेल का ते सांगता येत नाही. ही चार वेगळी वागणी आहेत आणि इंग्लिशमध्ये चारही जागी शब्द वेगळे आहेत. माणसाचं असो की मशीनचं, आधी या चारपैकी कोणतं ते ठरवा, अर्धं काम तिथंच होते.

जागचा न हलणारा

बैलबंडी भरली, जू ठेवलं, निघाले, अन् नाल्याजवळ येऊन बैल उभा. हाका मारा, तुतारी म्हणजे हाकायची काठी दाखवा, पुढं पाय टाकत नाही. यासाठी क्रियापद आहे बॉक. स्पेलिंगमध्ये मधात एल असतो पण बोलताना बहुतेक लोक तो म्हणत नाहीत. या शब्दाचा जुना अर्थ म्हणजे नांगरताना मधात तशीच न नांगरता सोडलेली पट्टी, आपला धुरा असतो ना तशी. त्याच्यावरून सोडून देणे, टाळणे, आणि मग ऐनवेळी अडून बसणे असा अर्थ आला. वाक्य असं होते, 'द बुलक बॉक्ड अ‍ॅट द स्ट्रीम'. माणसांना पण चालते, व्यापाऱ्यानं भाव सांगितला अन् शेतकरी अडून बसले, 'द फार्मर्स बॉक्ड अ‍ॅट द प्राइस'. याच्यासोबत अ‍ॅट येतो, टू नाही, हे पाठच करून टाका.

आता स्टबर्न. हा सगळ्यात मोकळा शब्द आहे, माणसाला चालतो, जनावराला चालतो, वस्तूला पण चालतो. कपड्यावरचा न निघणारा डाग म्हणजे स्टबर्न स्टेन, कितीही निंदा तरी परत येणारं तण म्हणजे स्टबर्न वीड. ऑब्स्टिनेटमध्ये मात्र दोष ठेवलेला असतो. म्हणजे समजावून सांगितलं, त्याला समजलं पण, तरी तो "नाही" म्हणते, तिथं ऑब्स्टिनेट. म्हणून हा शब्द जास्त करून माणसालाच लागतो. म्यूलिश हा म्यूल म्हणजे खेचरावरून आला, गाढव अन् घोडी यांचं पिल्लू, आणि पिग-हेडेड तर सरळ शिवीजवळ जाणारा शब्द आहे. पिग-हेडेड समजून घ्या, वाचता आला पाहिजे, पण अर्जात, निबंधात, मोठ्या माणसाबद्दल कधी लिहू नका.

अ‍ॅडमंटवर थोडं थांबू, कारण आपल्या देशात हा शब्द रोज चुकीच्या जागी बसवला जातो. 'माय सन इज व्हेरी अ‍ॅडमंट' असं पालक सर्रास म्हणतात, शाळेतले सर पण म्हणतात. पण अ‍ॅडमंट हा स्वभाव सांगणारा शब्द नाही, एखाद्या मुद्द्यावरची भूमिका सांगणारा आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ न फुटणारं, न वाकणारं. वापरायचा असा, 'ही इज अ‍ॅडमंट दॅट ही विल नॉट सेल द बुलक्स', म्हणजे बैल विकणार नाही या गोष्टीवर तो ठाम आहे. बाकी बाबतीत तो माणूस एकदम मवाळ असू शकतो. तेव्हा अ‍ॅडमंट लिहिला की पुढं 'कशाबद्दल' ते आलं पाहिजे, दॅट लावून नाहीतर अबाउट लावून. नुसतं पोरगं हट्टी आहे म्हणायचं तर स्टबर्न लिहा, तेच बरोबर.

आणखी एक फसवा शब्द हार्ड-हेडेड. डोकं कडक म्हणजे हट्टी असं वाटते, पण बहुतेक ठिकाणी याचा अर्थ व्यवहारी, भावनेत न वाहणारा असा असतो. 'अ हार्ड-हेडेड बिझनेसमन' म्हणजे हिशोबाला पक्का माणूस, ही तर तारीफ झाली. परीक्षेत हा शब्द मुद्दाम टाकतात.

अन् घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी? आबाजीला तीच जुनी खाट पाहिजे, तीच पितळेची ताटली पाहिजे, चहा अमुक वेळेलाच पाहिजे. त्याला स्टबर्न म्हणणं बरं दिसत नाही आणि खरं तर ते बरोबर पण नाही, तो काही अडवून नाही राहिला, त्याची सवय घट्ट झालेली आहे. इंग्लिशमध्ये याला म्हणतात 'सेट इन हिज वेज'. आजीसाठी 'सेट इन हर वेज'. मला स्वतःला हा वाक्प्रचार फार आवडतो कारण यात माणसाचा मान राहतो.

हलतो, पण आपल्या मनानं

डवरण चालू आहे, दोन्हीकडं पऱ्हाटी, अन् बैल तास सोडून जातो. इथं बैल अडला नाही, उलट चालण्यात जोर आहे, पण दिशा त्याची. अशा माणसाला हेडस्ट्राँग म्हणतात. तरुण पोरांना हा शब्द जास्त शोभतो, धोका सांगितला तरी "मी करतोच" म्हणणारा, घाई करणारा. यात वाईट असलंच पाहिजे असं नाही, थोडं कौतुक पण मिसळलेलं असू शकते. वेवर्ड म्हणजे वाट सोडलेला, मुळात तो अवेवर्ड असा होता, दूर गेलेला. घर सोडून भटकणारा, व्यसनाला लागलेला पोरगा म्हणजे वेवर्ड सन, इथं सांगणाऱ्याचं दुःख असते, राग कमी असतो.

(जाता जाता, ताप चढला अन् माणूस बडबडायला लागला की डॉक्टर डेलिरियस म्हणतात, तो लॅटिन शब्द पण नांगरणीचाच आहे, तास सोडून जाणे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन शेतकऱ्याचे बैल पण तेच करत होते.)

विलफुल हा शब्द मात्र नीट शिकून घ्या, परीक्षेसाठी नाही, घरासाठी. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये दोन्ही जागी एक एकच एल येतो. पोराबद्दल म्हटलं तर मनमानी करणारा. पण कायद्यात अन् बँकेत विलफुल म्हणजे जाणूनबुजून. रिझर्व्ह बँकेच्या नियमात विलफुल डिफॉल्टर म्हणजे ज्याच्याकडं फेडायची ऐपत आहे तरी फेडत नाही, किंवा कर्ज एका कामासाठी घेतलं अन् पैसा भलतीकडं वळवला असा कर्जदार, आणि तो नियम २५ लाख रुपये अन् त्याच्या वरच्या थकबाकीला लागतो. पाऊस दगा देऊन गेला, बोंडअळीनं बोंडं खाल्ली, म्हणून पीककर्ज थकलं, तो शेतकरी डिफॉल्टर म्हणता येईल पण विलफुल नाही. एका शब्दानं माणूस अडचणीतला आहे का लबाड आहे हे ठरते. विदर्भात कर्जापायी किती घरांनी काय भोगलं ते आपण सगळे जाणतो, तेव्हा इंग्लिश कागदावर सही मागितली अन् त्यात हा शब्द दिसला तर सही करायच्या आधी पूर्ण ओळ वाचा, नाही समजली तर घरातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या.

याच गटात मॅव्हरिक येतो. अमेरिकेत टेक्सासमध्ये सॅम्युएल मॅव्हरिक नावाचा वकील अन् जमीनदार होता, १८०३ मध्ये जन्मला, १८७० मध्ये वारला. तिकडं मोकळ्या रानात ढोरं चरायची म्हणून प्रत्येकजण आपल्या वासरांना डाग द्यायचा, डागणी करायचा, ओळखू यावी म्हणून. याची वासरं बिनडागाची फिरायची. मग कुठं पण बिनडागाचं मोकाट वासरू दिसलं की लोक त्याला मॅव्हरिकच म्हणायला लागले. आज त्याचा अर्थ कोणाच्या कळपात न राहणारा, स्वतःच्या डोक्यानं चालणारा माणूस. पक्षाची लाईन न मानणाऱ्या आमदाराला इंग्लिश पेपर मॅव्हरिक लिहितो तेव्हा तो त्याला नावं ठेवत नाही, झालं तर थोडं कौतुकच करतो.

रोग मात्र वेगळा. रोग म्हणजे आपला आजार नाही, इंग्लिश रोग. कळपातून फुटलेला, माणसाच्या अंगावर जाणारा हत्ती म्हणजे रोग एलिफंट. २०२१ पासून छत्तीसगडकडून गडचिरोलीत रानहत्तींचा कळप यायला लागला, तेव्हा इंग्लिश बातमी वाचणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं की धान खाल्ला म्हणून कळपातला हत्ती रोग होत नाही, तो भुकेला असतो. आणि हाच शब्द बियाण्याच्या प्लॉटवर काम करणाऱ्यांना आधीच माहीत आहे, रोगिंग करणे, म्हणजे प्लॉटमधली वेगळ्या वाणाची झाडं उपटून टाकणे. तिथं पण तेच, जे झाड आपल्या वाणासारखं वागत नाही ते रोग.

बुजणारा, उधळणारा, लाथा झाडणारा

इथं आपल्या मराठीला तोड नाही, बुजणे अन् उधळणे हे दोन शब्द सगळं चित्र उभं करतात, आणि इंग्लिशमध्ये पण दोघांना नेमके शब्द आहेत. बुजणे म्हणजे शाय. हो, तोच शाय जो आपण लाजाळू म्हणून शिकतो, पण क्रियापद म्हणून वापरला की बुजून बाजूला होणे. कोणी छत्री उघडली अन् बैल बुजला, 'द बुलक शाइड अ‍ॅट द अम्ब्रेला'. ज्याला बुजायची सवयच आहे तो स्किटिश. उधळणे म्हणजे बोल्ट. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या बातम्यांत हे क्रियापद येते. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या होत्या अन् १८ मे २०२३ ला घटनापीठानं शर्यतींना मोकळीक देणारे राज्यांचे कायदे मान्य केले, तेव्हापासून इंग्लिश पेपरात शर्यतींबद्दल बरंच छापून येते. 'द बुल्स बोल्टेड इनटू द क्राउड', जोडी गर्दीत उधळली. बोल्टेड म्हणजे नट-बोल्ट लावला असं समजणारे पोट्टे मी पाहिले आहेत, त्यांचं पण बरोबर आहे म्हणा, स्पेलिंग तेच आहे, संदर्भ पाहूनच समजते.

उधळणं हाताबाहेर गेलं, समोर येईल ते तोडत चाललं, तर 'रन अमॉक' नाहीतर 'गो बर्झर्क'. पहिला मलय भाषेतून आला, दुसरा उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स लढवय्यांवरून. दोन्हीचं क्रियापद ठरलेलं आहे, अमॉकच्या आधी रन, बर्झर्कच्या आधी गो, उलटसुलट करू नका.

रेस्टिव्ह हा शब्द सगळ्यांना फसवतो कारण त्यात रेस्ट दिसते. आराम करणारा? नाही. पहिले हा शब्द पुढं जायला तयार नसलेल्या घोड्यासाठी होता, जागेवर अडणारा. पण असा अडलेला घोडा गप उभा राहत नाही, पाय आपटतो, मान झटकतो, म्हणून अर्थ हळूहळू चुळबूळ करणारा, अस्वस्थ, आता काही तरी करेल असा झाला. खरेदी केंद्रावर सकाळपासून गाड्या घेऊन लोक उभे आहेत, काटा सुरू होत नाही, आवाज वाढायला लागला, 'द क्राउड ग्र्यू रेस्टिव्ह'. अजून कोणी दगड मारला नाही. दगड मारला, रेटारेटी झाली, की मग तीच गर्दी अनरूली झाली.

अनरूली म्हणजे रूल न पाळणारा, आणि हा शब्द आता सरकारी भाषेत पक्का बसला आहे. विमानात गोंधळ घालणाऱ्याला अनरूली पॅसेंजर म्हणतात. २०१७ मध्ये डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, त्याचे तीन दर्जे ठरवले, शिवीगाळ अन् तोंडी त्रास असेल तर ३ महिन्यांपर्यंत विमानबंदी, हात उचलला तर ६ महिन्यांपर्यंत, आणि जिवाला धोका होईल असं केलं तर कमीत कमी २ वर्षं. नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं की 'अनरूली सीन्स इन द हाउस' असं पेपरात वाचायला मिळते. केसांना पण म्हणतात, विंचरले तरी न बसणारे ते अनरूली हेअर. बैल लाथा मारतो अन् पोरगा वर्गात गोंधळ करतो, दोघांना हा चालतो, पण गप बसून "नाही" म्हणणाऱ्याला अनरूली कधीच म्हणता येणार नाही. इथंच बऱ्याच जणांचा मार्क जातो. अनरूलीला आवाज पाहिजे, धिंगाणा पाहिजे.

लाथेवरून आठवलं, रिकॅल्सिट्रंट. शब्द लांबलचक आहे म्हणून घाबरू नका, लॅटिनमध्ये कॅल्क्स म्हणजे टाच, आणि हा शब्द म्हणजे टाचेनं मागं लाथ मारणारा. ऑफिसच्या भाषेत सांगूनही न ऐकणारा, आदेशाला विरोध करणारा. अ‍ॅग्रीच्या पोरांना तो दुसरीकडं भेटतो, बियाणे शास्त्रात, १९७३ मध्ये रॉबर्ट्स नावाच्या शास्त्रज्ञानं बियांचे दोन गट सांगितले, ऑर्थोडॉक्स अन् रिकॅल्सिट्रंट. गहू, तूर, सोयाबीन वाळवून ठेवता येते, ती ऑर्थोडॉक्स. आंब्याची कोय, फणसाची आठोळी वाळवली की मरते, साठवून ठेवायला ऐकतच नाही, म्हणून रिकॅल्सिट्रंट. तसाच आयटीआयवाल्यांचा रिफ्रॅक्टरी, भट्टीच्या आत लावतात त्या रिफ्रॅक्टरी विटा, एवढ्या उष्णतेला पण दाद न देणाऱ्या. आणि औषधाला दाद न देणारा आजार असला तर डॉक्टर पण रिफ्रॅक्टरी म्हणतात. तुम्ही ज्या ट्रेडमध्ये आहात तिथला अर्थ आधी पकडा, माणसाचा अर्थ आपोआप येते.

आज एक, उद्या एक

हा गट आपल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या कामाचा आहे. सुरुवात इरॅटिकपासून करा. लॅटिनमध्ये भटकणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला. ज्याला काही ठरलेली चाल नाही तो इरॅटिक. पावसाला हाच शब्द लागतो. इथं तीन शब्द वेगळे ठेवा, पाऊस उशिरा आला तर डिलेड, कमी पडला तर स्कँटी, आणि मृगात दोन दिवस धो धो पडून मग पंधरा-वीस दिवस दडी मारली, दुबार पेरणीची पाळी आणली, तर इरॅटिक. वर्षाची बेरीज कधी कधी बरोबर भरते तरी पीक गेलेलं असते, म्हणून नुकसानीच्या अर्जात नुसतं 'लेस रेनफॉल' लिहिलं तर तुमची खरी गोष्ट त्यात येत नाही. अवकाळीला अनसीझनल. विजेला पण इरॅटिक चालते. कृषिपंपाची लाईट कधी रात्री, कधी दुपारी, कधी नाहीच, तर अर्जात लिहा, 'द पॉवर सप्लाय टू आवर अ‍ॅग्रिकल्चरल पंप्स हॅज बीन इरॅटिक सिन्स जून'. एकदम सभ्य वाक्य आहे अन् मुद्दा पूर्ण येते.

मोटरच कधी सुरू होते कधी होत नाही, मिस्त्री आला की बरोबर चालते अन् तो गेला की परत बंद, अशा मशीनला टेम्परामेंटल म्हणतात. माणसाला म्हटलं तर क्षणात रुसणारा, क्षणात चिडणारा. आणि सगळंच बिघडून भलतंच काही व्हायला लागलं तर 'गो हेवायर', हेवायर म्हणजे वाळल्या चाऱ्याच्या पेंढ्या बांधायची तार.

फिकल हा मनाच्या अन् निष्ठेच्या बाबतीत, आज याच्याकडं उद्या त्याच्याकडं. फिकल फ्रेंड, फिकल व्होटर. कॅप्रिशस मात्र ज्याच्या हातात काही अधिकार आहे त्याच्यासाठी जास्त बसतो, मनात आलं तर फाईल पास केली, मनात आलं तर परत पाठवली, कारण काही नाही. कोर्टाच्या निकालात 'आर्बिट्ररी अँड कॅप्रिशस' अशी जोडीच येते, मनमानी अन् लहरी निर्णय.

मर्क्युरिअलचा घोळ असा की मर्क्युरी म्हणजे पारा, आणि आपल्याकडं पारा चढला म्हणजे राग आला. म्हणून पोट्टे मर्क्युरिअल म्हणजे रागीट लिहून येतात. तसं नाही. पारा हा साध्या तापमानाला पातळ राहणारा धातू, जमिनीवर सांडला की गोळ्या होऊन सुटतो, हातात सापडत नाही. तसा स्वभाव म्हणजे मर्क्युरिअल, क्षणात खूश क्षणात उदास, आणि त्यात बुद्धीची चमक पण धरलेली असते. एखाद्या मोठ्या गायकाला, खेळाडूला मर्क्युरिअल म्हणतात तेव्हा त्याची तारीफ पण करून राहिले असतात. भडका उडायची भीती सांगायची असेल तर व्होलटाइल लिहा, पेट्रोल व्होलटाइल असते तसं. गावात दोन गटांत तणाव, 'द सिच्युएशन इज व्होलटाइल'. कापसाचा भाव सकाळी एक अन् संध्याकाळी एक, तो पण व्होलटाइल.

काहीच सुचलं नाही तर अनप्रेडिक्टेबल. हा शब्द ना चांगला ना वाईट, कुठंही चालतो, पण दर वाक्यात टाकला तर उत्तर फिकं पडते.

मग दुसरा प्रश्न, बोलणारा कोण अन् ऐकणारा कोण

वागणं ठरलं तरी एक गोष्ट राहते. तेच वागणं आपल्याला आवडलं तर एक शब्द, नाही आवडलं तर दुसरा. बर्ट्रांड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञानं १९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर हे फार छान दाखवलं, व्याकरणात चालवतो तसं एकच वागणं तीन पुरुषांत चालवलं, मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो डुकराच्या डोक्याचा मूर्ख आहे. फर्म, ऑब्स्टिनेट, पिग-हेडेड. वागणं तिघांचं तेच.

म्हणून चांगल्या बाजूचे शब्द पण सोबत शिका. पर्सिस्टंट म्हणजे परत परत प्रयत्न करणारा, टिनेशस म्हणजे धरलं ते न सोडणारा, डॉगेड म्हणजे कितीही त्रास झाला तरी चालत राहणारा, आणि स्ट्राँग-विल्ड म्हणजे मनाचा पक्का. मुलाखतीत "तुमचा कमीपणा काय" विचारतात तेव्हा आपली पोरं प्रामाणिकपणे 'आय अ‍ॅम स्टबर्न' सांगून येतात. ज्या पोरीनं तालुक्याला जाणारी एसटी चुकू नये म्हणून रोज पहाटे उठून बारावी काढली तिनं स्वतःला स्टबर्न काऊन म्हणावं? 'आय अ‍ॅम पर्सिस्टंट, अँड समटाइम्स आय टेक टाइम टू चेंज माय व्ह्यू' असं सांगा. यात खोटं काही नाही, अन् समोरच्याला तुम्ही नेमकं काय करता ते कळते.

नॉटीबद्दल सांभाळा. लहान पोरांना ठीक, पण मोठ्या माणसाला, त्यातही बाईमाणसाला नॉटी म्हटलं तर त्यात चावटपणाचा वास येतो. ऑफिसात, ईमेलमध्ये अजिबात नको. खोडकरसाठी मिस्चिव्हस वापरा, उच्चार मिस्चिव्हस असाच करा, मिस्चिव्हिअस नाही, मधात आय घुसवू नका.

शेवटी शाळेच्या प्रगतिपुस्तकाबद्दल, आणि हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटते. आता खेड्यापाड्यात इंग्लिश माध्यमाच्या शाळा झाल्या, शेऱ्याच्या रकान्यात 'स्टबर्न', 'अनरूली', 'नॉटी' लिहून घरी पाठवतात, माय-बाप ते कोणाकडून तरी वाचून घेतात अन् पोराला ठोकतात. शेरा लिहिणाऱ्या सर-मॅडमना माझी कळकळीची विनंती आहे, पोरगं काय करते ते लिहा, पोरगं कसं आहे ते नको. जागेवर बसत नसेल तर 'फाइंड्स इट हार्ड टू सिट स्टिल'. सांगितलेलं लगेच करत नसेल, आधी कारण विचारत असेल, तर 'लाइक्स टू नो द रीझन बिफोर फॉलोइंग अ‍ॅन इन्स्ट्रक्शन'. एक दिवस अभ्यास चांगला अन् एक दिवस काहीच नाही तर 'हर वर्क इज अनईव्हन, शी डज वेल ऑन सम डेज'. ओळ थोडी लांब होते पण रकान्यात बसते. आणि पालकांनो, कार्डावर स्टबर्न लिहून आलं तर घरी पोराला काही बोलायच्या आधी शाळेत जा, सरांना सरळ विचारा की तो जागेवर अडतो, आपल्या मनानं करतो, धिंगाणा घालतो का एक दिवस करतो अन् एक दिवस करत नाही.